फाटक्या पुस्तकातला जुना टाइप फॉन्टमध्ये उतरवतोय, चार ठिकाणी अडलंय

शाईचं बोट

पुस्तकाला मुखपृष्ठ नाही. पहिली सोळा पानं नाहीत, शेवटचीही गेलीत. त्यामुळे छापखाना कुठला, साल कुठलं, काही कळायला मार्ग नाही. एका वाचनालयाने निकालात काढलेल्या गठ्ठ्यात मिळालं. वर मोठ्या टाइपात संस्कृत स्तोत्रं, खाली बारीक टाइपात मराठी अर्थ. कागद असा ठिसूळ की पान उलटताना कोपरा हातात येतो.

त्यातला मोठा टाइप पाहिला आणि गेले चौदा महिने दुसरं काही सुचत नाहीये. त्याचा फॉन्ट करतोय.

नेटवर जुन्या पुस्तकांच्या पीडीएफ ढिगाने आहेत, पण या कामाला त्यांचा उपयोग नाही हे पहिल्याच आठवड्यात कळलं. बहुतेक ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपके) असतात. टाइप अंदाजे १६ पॉइंटचा, म्हणजे ३०० डीपीआयला ओळीच्या पूर्ण उंचीला ६७ पिक्सेल. त्यातून वरच्या मात्रा आणि खालचे उकार यांची जागा काढली की ‘क’च्या वाट्याला तीस-पस्तीस उरतात. तेवढ्यात त्याचं पोट गोल आहे की खाली चपटं, हे काय डोंबल कळणार! मी २४०० डीपीआयला स्कॅन केलं, पानामागे काळा कागद ठेवून, म्हणजे पलीकडची अक्षरं अलीकडे डोकावत नाहीत. आता ओळीला ५३३ पिक्सेल मिळतात.

मुळाक्षरं, सगळी चिन्हं आणि दोनशेच्या वर जोडाक्षरं काढून झाली. ऑटोट्रेस वापरलेलं नाही, प्रत्येक अक्षर हाताने बिंदू टाकून काढलंय. आता अडलंय ते सांगतो.

एकाच पानावर ‘त’ची दांडी मोजली तर कुठे ३८ पिक्सेल भरते, कुठे ४६. खरी कोणती धरू?

शिरोरेषेत अक्षराअक्षरांमध्ये बारीक फटी आहेत. मला त्या आवडतात, जुन्या छपाईचा सगळा जीव त्यांच्यात आहे असं वाटतं. ठेवू का?

‘न’ आणि ‘म’ दोन-दोन प्रकारचे सापडले. एकाची गाठ भरीव, दुसऱ्याची किंचित पोकळ. आणि अवग्रहही (ऽ) दोन: एकाचा वरचा बाक जाड, दुसऱ्याचा खालचा. सध्या सगळे काढून पर्यायी आकार म्हणून ठेवलेत.

शेवटचं, पहिल्या वेलांटीचं. ‘कि’वर ठीक बसते, पण ‘ष्टि’, ‘स्मि’ यांवर तिची कमान दांडीपर्यंत पोचतच नाही. मुळात तसंच छापलंय. तसंच ठेवायचं की सुधारायचं?

खाली चार पानांचे स्कॅन देतोय.

---

रफार

वाखुसा (वाचनखूण साठवली)! असे धागे आता दुर्मीळ झालेत.

स्कॅन पाहिले. निर्णयसागर छापखाना. डोळे झाकून सांगतो.

---

निवांत

@रफार, डोळे झाकून सांगितलंत, हे दिसतंच आहे :)

बाकी धागाकर्त्याच्या चिकाटीला सलाम, पण एक शंका. टिरो देवनागरी हा फॉन्ट आहे की आधीच. निर्णयसागरच्या टाइपांवरूनच नव्याने घडवलेला, हिंदी, मराठी आणि संस्कृत अशा तीन वेगळ्या आवृत्त्या, गूगल फॉन्ट्सवर फुकट. जाणत्या लोकांनी केलेलं काम आहे. मग तोच डोंगर पुन्हा कशाला चढायचा?

---

पोटफोड्या ष

रफार, निर्णयसागर म्हणण्याचा मोह मलाही झाला, पण जरा थांबू.

जावजी दादाजी चौधरी (१८३९–१८९२) यांची सुरुवात अमेरिकन मिशनच्या छापखान्यात, टॉमस ग्रॅहॅम यांच्या हाताखाली झाली. देवनागरी खिळ्यांचं (धातूच्या सुट्या टाइपाचं) मुंबईचं वळण घडलं त्यात ग्रॅहॅम यांचा वाटा मोठा. जावजींनी आधी टाइप फाउंड्री काढली आणि निर्णयसागर छापखाना त्यानंतर, १८६९ मध्ये. फाउंड्री आधी, हे महत्त्वाचं आहे. म्हणजे टाइप ओतून विकणं हा त्यांचा मूळ धंदा. पंच, म्हणजे अक्षराचा पोलादी मूळ ठसा, कापणारे राणूजी रावजी आरू. आज ज्याला आपण निर्णयसागरी वळण म्हणतो ते या माणसाच्या हातचं, पण पुस्तकावर नाव प्रेसचं असतं, पंच कापणाऱ्याचं कधीच नसतं.

तर मुद्दा असा की टाइप विकत मिळत होता. एकाच मातृकेतून, म्हणजे साच्यातून, निघालेले खिळे दहा छापखान्यांत असायचे आणि एकाच छापखान्यात तीन फाउंड्र्यांचे खिळे नांदायचे. त्यामुळे ‘अमुक टाइप दिसला म्हणजे अमुक प्रेस’ हे गणित चुकतं. ‘अ’, ‘झ’, ‘ण’ आणि ५, ८, ९ या आकड्यांवरून वळण मुंबईचं आहे एवढं छातीठोक सांगता येईल. त्यापुढे नाही.

आणखी एक. आधीचं वळण बघायचं असेल तर मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची दुसरी आवृत्ती काढा. सरकारसाठी बॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यात छापली गेली. त्यातला टाइप दाटीवाटीचा आहे. त्याच्या शेजारी १८८६ पासून निघू लागलेल्या निर्णयसागरच्या काव्यमालेचा एखादा अंक ठेवा. अक्षराच्या पोटातला पांढरा भाग किती मोकळा झालाय ते दिसेल. तीस वर्षांत हात कुठून कुठे गेला, ते त्या पांढऱ्यात आहे.

त्याआधीची शिळाप्रेसची पुस्तकं या हिशोबात धरू नका. गणपत कृष्णाजींचं १८४१चं पंचांग शिळाछाप, म्हणजे तिथे खिळा नाहीच, लेखनिकाचं हस्ताक्षर आहे.

---

शाईचं बोट

पोफो, खूप आभार. म्हणजे नावात ‘निर्णयसागर’ घालायचा माझा बेत रद्द.

निवांत, टिरो मी रोज वापरतो. पण तो मजकुरासाठी केलेला आहे, पडद्यावर आणि कागदावर, लहान-मोठ्या सगळ्या आकारांत चालावा म्हणून. करणाऱ्यांनी मूळ आकार समजून घेऊन आपल्या पद्धतीने मांडलेत, आणि ते योग्यच केलं. मला एका पुस्तकातला एका आकाराचा टाइप जसाच्या तसा हवाय.

---

निवांत

जसाच्या तसा म्हणजे कशाच्या तसा? कागदावरच्या डागाच्या, की धातूच्या?

---

शाईचं बोट

…चौदा महिने हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही, हे कबूल करतो.

---

जुना जुळारी

मी इथे क्वचित लिहितो. मोबाइलवर टायपायला वेळ लागतो, तेव्हा चुकभूल द्यावी. खिळे जुळवण्यात माझी एकतीस वर्षं गेली. आमच्या छापखान्यात ऑफसेट आलं तेव्हा सगळे खिळे वजनावर भंगारात गेले, ते मीच पोत्यांत भरले.

फटींबद्दल आधी लिहितो, कारण तुम्ही त्यांना जीव म्हणालात. आम्ही त्यांना शिव्या द्यायचो.

खिळ्याची शिरोरेषा त्याच्या बॉडीच्या, म्हणजे धातूच्या ठोकळ्याच्या, दोन्ही कडांपर्यंत असते. नवा माल आला की ओळ अशी जुळायची की वरून बोट फिरवलं तर नख अडकत नसे, आणि छापल्यावर शिरोरेषा सलग. मग काम होऊन खिळे परत केसमध्ये, म्हणजे खणांच्या पेटीत, सोडले जातात, पुन्हा उचलले जातात, घासले जातात. शिरोरेषेचं टोक सगळ्यात नाजूक, ते आधी झिजतं. शिवाय रॉकेलने नीट धुतलं नाही तर बाजूला शाईचा मळ धरतो आणि दोन खिळ्यांत केसाएवढी जागा राहते. तुमच्या पानावरची फट म्हणजे झिजलेला माल किंवा आळशी पोरगा. ज्याने पंच कापला त्याने ती कापलेली नाही. त्याला दाखवली असती तर तो रागावला असता.

‘न’ आणि ‘म’ दोन प्रकारचे का, याचं उत्तर तुमच्या तिसऱ्या स्कॅनमध्येच आहे. ती नामावली आहे. प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘नमः’. आमच्याकडे सहस्रनामाचं काम आलं की पहिली गोष्ट करायची ती म्हणजे केसमधले न, म आणि विसर्ग मोजून घ्यायचे. नेहमीच्या मजकुराच्या हिशोबाने घेतलेला माल नामावलीला कुठून पुरणार? कमी पडले की दुसऱ्या केसमधले, साधारण त्याच आकाराचे, दुसऱ्या फाउंड्रीचे खिळे घालायचे. प्रूफ वाचणारा त्यावर गोल करून ‘डब्ल्यू. एफ.’ लिहायचा, म्हणजे राँग फाउंट. आम्ही बदलत नसू, कारण बदलायला होतेच कुठे!

तुम्ही मोजून बघा. पोकळ गाठीचा ‘न’ साध्या श्लोकांत सापडतो का?

वेलांटीचं नंतर लिहितो. नातू मोबाइल मागतोय.

---

रफार

_/\_ काका, लिहीत रहा. यावर वेगळा धागा हवा.

---

अर्धाकाना

काकांच्या प्रतिसादानंतर माझा कोरडा वाटेल, पण फटींच्या बाबतीत तांत्रिक बाजूनेही उत्तर तेच आहे. फट ठेवाल तर पडद्यावर कुठल्या झूमला ती दिसेल आणि कुठल्या झूमला बुजेल याचा भरवसा नाही. उलट करायचं ते असं: प्रत्येक अक्षराची शिरोरेषा त्याच्या रुंदीच्या थोडी बाहेर काढायची, १००० युनिटांच्या चौकटीत दहा-पंधरा युनिट, म्हणजे शेजारच्या अक्षरावर ती चढते. अगदी काठाला काठ लावून ठेवली तर पिक्सेलच्या गोलमालात पांढरी रेघ दिसतेच.

जुळाऱ्यांनी हाताने केलेलं पुष्कळसं काम आता अँकर करतात. रफार कुठे बसायचा, अनुस्वार वेलांटीच्या पलीकडे किती सरकायचा, ‘द्रु’चा उकार कुठे लटकायचा, यासाठी मूळ अक्षरावर एक बिंदू, चिन्हावर एक बिंदू, आणि दोन्ही जुळवायचे. ‘र्कीं’सारखी रफार, दुसरी वेलांटी आणि अनुस्वार यांची मोळी मात्र अँकरवर सोडू नका, तिचं एकच चिन्ह करा.

आता खरी अडचण. तुमचा मोठा टाइप फक्त संस्कृत आहे ना? मग त्यात ‘ळ’ मिळणं मुश्कील. ‘ऱ्या’ तर नाहीच. ‘ॲ’, ‘ऑ’ नाहीत. मराठी माणसाने तुमच्या फॉन्टमध्ये ‘दऱ्याखोऱ्यांतला काळा कॅमेरा’ लिहिलं की काय दिसणार? ती अक्षरं तुम्हाला स्वतः काढावी लागतील आणि तिथे ‘जसाच्या तसा’ संपतं. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागाच २००८ मध्ये मिळाली आणि ₹ हे चिन्ह २०१०चं. ₹चा पंच तर कुणी कापलेला असणंच शक्य नाही.

‘ऱ्य’साठी दोन्ही रस्ते उघडे ठेवा. कुणी नुक्त्याचा ऱ + हलन्त + य असं लिहितं, कुणी साधा र + हलन्त + झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह) + य. दोन्हींतून तोच चंद्रकोरीसारखा र यायला हवा. एकच ठेवलात तर निम्म्या लोकांच्या ‘वाऱ्या’ मोडतील. आणि ‘ल’, ‘श’ बघा: २००९च्या शासन निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श दिलाय, हिंदीवाले दुसरे वापरतात. दोन्ही काढा आणि भाषेनुसार बदलतील अशी सोय करा.

---

पोटफोड्या ष

जाडीच्या प्रश्नाला अजून कुणी हात घातला नाही, आणि मला तोच सगळ्यात खोल वाटतो.

३८ की ४६? सरळ तर्क असा: शाई फक्त वाढवते, कमी करत नाही. झिजेनेही खिळ्याचं तोंड चेपून अक्षर जाडच होतं. म्हणजे पंचाच्या सगळ्यात जवळ ३८. उपाशी छापलेली, शाई नीट न लागलेली अक्षरं वगळायची आणि उरलेल्यांतली बारीक बाजू धरायची. आणि लांबी-रुंदी मोजताना हेही लक्षात घ्या की हातछपाईत कागद ओला करून छापायचे. तो वाळल्यावर आक्रसतो, आणि दोन्ही दिशांना सारखा आक्रसत नाही. तुमचे १६ पॉइंट म्हणूनच ‘अंदाजे’ भरतायत.

पण इथे एक गोम आहे. पंच कापणारा अडाणी नव्हता. शाई पसरणार हे त्याला ठाऊक होतं. तो पंच कापायचा, दिव्याच्या काजळीवर धरायचा, कागदावर ठसा उमटवून बघायचा, पुन्हा कापायचा. कागदावर जे दिसावं असं त्याच्या मनात होतं त्याहून बारीक त्याने पोलादात कापलं. तुम्ही ते पोलादातलं बारीक अक्षर पडद्यावर ठेवलंत तर तिथे शाई नाही, दाब नाही. अक्षर आजारातून उठल्यासारखं दिसेल. म्हणजे धातूशी अगदी इमान राखलंत तर माणसाशी बेइमानी.

मी असतो तर जाडी चांगल्या छापलेल्या पानाची घेतली असती आणि कोपरे धातूचे. एका अक्षराचे वीसेक नमुने एकावर एक ठेवून सरासरी काढा. दांडीची जाडी, पोटाची रुंदी, शिरोरेषेची उंची सरासरीतून घ्या. पण सरासरीत कोपरे विरघळतात, तेव्हा कोपऱ्यांसाठी वीसातला सगळ्यात धारदार नमुना शोधा. ‘क’ची शेपटी जिथे संपते तिथे बोरूचा तिरका काप स्पष्ट दिसतो. इंग्रजी टाकाच्या उलट्या अंगाचा काप आहे तो. कॉम्प्यूटरवर काढताना हात आपसूक इंग्रजी वळणाकडे जातो, आणि मग सगळं अक्षर बरोबर असूनही परकं दिसतं. तुमच्या ‘क’मध्ये मला तो वास येतोय. रागावू नका.

---

शाईचं बोट

रागावतो कशाला, ‘क’ सात वेळा काढलाय आणि सातही वेळा काहीतरी खुपत होतं. शेपटीचं टोक उलट्या बाजूला तिरपं होतं! आत्ता मूळ स्कॅनशेजारी ठेवून पाहिलं.

काका, मोजलं. तीन संध्याकाळ गेल्या. पोकळ गाठीचा ‘न’ एकूण २१४ वेळा आलाय. त्यातले २०६ तिन्ही नामावल्यांमध्ये, तेही पहिल्या पानावर जवळपास नाहीत, पुढे पुढे वाढत जातात. पोकळ ‘म’चंही तसंच. केस रिकामी होत गेलेली अक्षरशः दिसते. उरलेले ८ इकडेतिकडे, म्हणजे खिळे सोडताना चुकून मूळ केसमध्ये पडलेले असावेत.

मी त्या ‘न’ला ‘शैलीसंच १’, म्हणजे हवा तेव्हा निवडायचा पर्यायी आकार, असं नाव देऊन ठेवलं होतं.

---

निवांत

शैलीसंच! :)) हसून हसून मेलो.

---

जुना जुळारी

बरोबर मोजलंत. खिळे सोडताना पोरं बोलत बसली की असे आठ-दहा चुकीच्या खणात जायचेच.

आता वेलांटी. आमच्या केसमध्ये पहिल्या वेलांटीचे दोन खिळे होते, आखूड आणि लांब. ‘ष्टि’ला लांब लावायची. लांब संपली की आखूड. तुमच्या पुस्तकात सगळीकडे आखूडच दिसते, म्हणजे त्यांनी लांब घेतलीच नसेल किंवा केसमध्ये खण नसेल. खणांचं दुखणं फार जुनं आहे. एकेका देवनागरी केसला शेकड्यांनी खण, हात पोचायचा नाही. लोकमान्य टिळकांनी १९०४च्या सुमारास खिळ्यांची संख्या १९०च्या आसपास आणायचा खटाटोप उगाच नाही केला. ते वर्तमानपत्र चालवत होते, त्यांना दर अंकाला ही अडचण दिसत असणार.

तेव्हा माझं मत, वेलांटी दांडीपर्यंत न्या. हाताने लिहिणारा पोथीत नेतोच. न पोचणारी वेलांटी कुणाला आवडायची म्हणून नव्हती, नाइलाज होता.

---

रफार

काकांशी पहिल्यांदाच असहमत. (घाबरत लिहितोय.)

फट ही झीज, मान्य. दुसरा ‘न’ ही टंचाई, मान्य. पण आखूड वेलांटी ही त्या टाइपाची रचनाच होती ना? पंच कापणाऱ्याला माहीत होतं की एकच वेलांटी सगळ्यांवर बसणार आहे. म्हणून त्याने ती अशा लांबीची कापली की ‘कि’वर फार लांब नको आणि ‘ष्टि’वर फार तोकडी नको. ती तडजोड त्याची स्वतःची आहे, जुळाऱ्याची नाही. मर्यादेत राहून घेतलेला निर्णय हाही निर्णयच. आपण दहा लांबीच्या वेलांट्या दिल्या तर पानाचा पोतच बदलेल. जुन्या पानात वेलांट्यांच्या कमानी एका मापाच्या आहेत, त्यांची एक लय आहे. स्कॅन लांब धरून, डोळे किलकिले करून बघा.

---

अर्धाकाना

रफारच्या मुद्द्यात तथ्य आहे. मधला मार्ग: मूळ आखूड, शिवाय दोन लांब. तीनच. कुठल्या अक्षरापुढे कोणती, हे नियमात बांधा. शेजारच्या अक्षराच्या रुंदीनुसार दहा वेलांट्या देणारे फॉन्ट आहेत, त्यांत वाईट काही नाही, पण ते नवं काम. तुमचं हे नाही.

---

पोटफोड्या ष

एक सुचवू का? खालच्या बारीक टाइपाकडे दुर्लक्ष करू नका. तो मोठ्या टाइपाची लहान प्रत नाही. मापून बघा, त्याची पोटं प्रमाणाने जास्त रुंद असतील आणि शिरोरेषा प्रमाणाने जाड. प्रत्येक आकाराचा पंच वेगळा कापायचे. तुमचा १६ पॉइंटचा फॉन्ट कुणीतरी १० पॉइंटला वापरणारच आणि मग म्हणणार की वाचवत नाही. आणि ‘ळ’, ‘ऱ्य’ यांचं घराणं शोधायचं तर ते त्या बारीक टाइपातच आहे. तिथून कल्पना घ्या, मोठ्याच्या मापाने काढा. नुसतं मोठं करून चिकटवू नका.

---

निवांत

टवाळी पुरे, एक व्यवहाराचा प्रश्न. हक्कांचं काय?

---

पोटफोड्या ष

वळण बघता, ज्यांच्या हातचं हे काम ते जाऊन शतकाहून जास्त काळ लोटला असावा. आपल्याकडे कलाकृतीचा हक्क निर्मात्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, त्यामुळे मूळ आकारांची काळजी नाही. दुसऱ्याच्या डिजिटल फाइलमधून बाह्यरेषा उचलल्या तर मात्र भानगड. इथे तर सगळं कागदावरून हाताने काढलेलं आहे. स्कॅन सांभाळून ठेवा, उद्या कुणी विचारलं तर तोच पुरावा.

---

रफार

आणि खुल्या परवान्यावर द्या, ओएफएलखाली. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा फॉन्ट खुला होता म्हणून आयआयटी मुंबईच्या लोकांना त्यावर शोभिका बांधता आला, त्यात संस्कृतची जोडाक्षरं भरता आली. कुलूप लावलं असतं तर तो तिथेच थांबला असता.

---

जुना जुळारी

चौथा स्कॅन आज मुलाच्या लॅपटॉपवर मोठा करून पाहिला. मोबाइलवर दिसलं नव्हतं. तुमचे दोन अवग्रह.

खिळ्याच्या बॉडीला एका बाजूला खाच असते, निक म्हणतो आम्ही. स्टिकमध्ये, म्हणजे ओळ जुळवायच्या पट्टीत, खिळे डोकं खाली करून लागतात, शिरोरेषा तळाशी, आणि आम्ही ओळ तशीच उलटी वाचतो. अंगठा निकवर ठेवून खिळा सुलटा आहे की नाही ते न बघता कळतं. बाकीचं अक्षर उलटं लागलं तर शिरोरेषा वर आलेली लगेच दिसते. पण अवग्रहाला शिरोरेषा नाही. आणि तो उलटा केला तरी अवग्रहच दिसतो. अंगठा चुकला की कुणाच्या लक्षात येत नाही, प्रूफ वाचणाऱ्याच्याही नाही.

तुमचा खालचा बाक जाड असलेला अवग्रह वेगळा खिळा नाही. पहिलाच आहे, उलटा बसलाय.

---

शाईचं बोट

दोन्हींची बाह्यरेषा एकमेकांवर ठेवली. एक १८० अंशात फिरवला. बिंदूला बिंदू जुळला. वरच्या बाकाच्या आतल्या बाजूला एक बारीक टवका उडालेला होता तोसुद्धा.

त्या दुसऱ्या अवग्रहावर मी दोन दिवस घालवले होते. टवका ‘शाईचा थेंब’ समजून गुळगुळीत केला होता.

---

निवांत

शैलीसंच २ _/\_

---

शाईचं बोट

तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय.

पोकळ ‘न’, ‘म’ आणि उलटा अवग्रह काढून टाकले. फटी बुजवल्या, शिरोरेषा दोन्हीकडे बारा युनिट बाहेर. दांडी मोजली तर ४१ पिक्सेलच्या जवळपास येते, चांगल्या छापलेल्या अकरा पानांवरून. वेलांट्या तीन. ‘क’ आठव्यांदा काढला. ‘ळ’ सगळ्यात जड गेला, बारीक टाइपातला मोठा केला की दोन वांगी चिकटवल्यासारखा दिसायचा, शेवटी ‘ठ’च्या गोलाईवरून मापं घेतली. ‘ऱ्या’ दोन्ही पद्धतींनी येतो, ब्राउझरमध्ये आणि कार्यालयीन सॉफ्टवेअरमध्ये तपासला. एका जुन्या पेज-लेआउट सॉफ्टवेअरमध्ये अजून ‘र’ आणि ‘या’ सुटे दिसतात, त्यावर झगडतोय.

नमुन्याचं पान जोडतोय. काका, तुम्ही छापून बघाल का? पडद्यावर नको.

---

जुना जुळारी

मुलाने छापून आणलं. खिडकीशी धरून वाचलं. मग पान उलटं करून पुन्हा वाचलं. सवय.

‘क’ चांगला आलाय. ‘ळ’ला हसू आलं पण चालेल, मराठी आहे. ‘ख’ बघा. डावा र आणि उजवा व यांच्यामध्ये जागा जास्त झालीय. ‘खाणे’ हे ‘रवाणे’ वाचलं जातंय. ही चूक खिळ्यातही असायची, पण ती तरी ठेवू नका.

सातव्या ओळीत ‘नमः’च्या विसर्गाचा खालचा ठिपका वरच्यापेक्षा लहान आहे. तसा कापलाय की शाई कमी लागलीय, ते स्कॅनात बघून सांगा.

---

शाईचं बोट

बघितलं. बावीस नमुन्यांत एकोणीस ठिकाणी लहानच आहे. कापलाय.